सोनोग्राफीचा कोर्स घेण्याआधी





दरवर्षी बारावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात दोन प्रकारची गर्दी होते. एक पेढे घेऊन येणाऱ्यांची आणि दुसरी "बाई, आता पुढे काय?" असे विचारणाऱ्यांची. पेढ्यांची गर्दी दोन दिवसांत ओसरते. दुसरी मात्र जुलै संपेपर्यंत चालू असते. आजचा लेख त्या दुसऱ्या गर्दीसाठी आहे. त्यात मला माझी स्वतःची एक चूकही कबूल करायची आहे.

आधीच सांगते, माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात बोलत होते, पण लिहायला शिकले ते या शाळेत नोकरीला लागल्यावर. तेव्हा वाक्यात कुठे हिंदीचे वळण आले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ शाळेत आले होते. हातात रंगीत पत्रके होती. त्यावर लिहिले होते : सोनोग्राफी टेक्निशियन, सहा महिन्यांचा डिप्लोमा, बारावी बायोनंतर लगेच प्रवेश, नोकरीची हमी, परदेशातही मागणी. एका परदेशी दवाखान्यातला हसऱ्या मुलीचा फोटोही होता. नीटमध्ये नंबर न लागलेल्या मुलींचे कोमेजलेले चेहरे मी रोज पाहत होते. मला वाटले, चला, एक रस्ता तरी निघाला. मी त्यावर शाळेचा शिक्का मारला आणि ते पत्रक सूचनाफलकावर लावले.

गेल्या दिवाळीनंतर आमची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. अभ्यासू मुलगी. वडील कपडा मार्केटमध्ये एका दुकानाचे हिशेब लिहितात. पोस्टातली आवर्ती ठेव मोडून त्यांनी ६०,००० रुपये फी भरली होती. कोर्स पूर्ण झाला, प्रमाणपत्र मिळाले, एका खाजगी केंद्रात कामही मिळाले. पण काम काय? पेशंटची नावे लिहिणे, "पाणी पिऊन बसा" असे सांगणे, तपासणी झाली की जेल पुसायला कागद देणे. एक दिवस तिने डॉक्टरांना विचारले, "सर, मला प्रोब धरायला केव्हा शिकवाल?" डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "बेटा, तुमने प्रोब पकड़ा तो मेरी मशीन सील हो जाएगी."

हे सांगताना ती रडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, पत्रकावर आपल्या शाळेचा शिक्का होता ना, म्हणून बाबांनी आणखी कुठे विचारले नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. मग मी ठरविले की जे शिक्का मारण्याआधी करायला हवे होते ते निदान आता तरी करावे. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले, पालकांपैकी दोन डॉक्टरांना विचारले, अमेरिकेत हेच काम करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीशी फोनवर बोलले, कायदा आणून वाचला. जे कळले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे विद्या फार सुंदर आहे. सहावीची सहल मांडूला जाते तेव्हा दाई का महालजवळच्या इको पॉइंटवर मुले स्वतःचे नाव ओरडतात आणि ते परत ऐकून खूष होतात. सोनोग्राफीत तेच घडते. फक्त आवाज आपल्या कानाला ऐकू येणारा नसतो. आपला कान साधारण २० पासून २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. सोनोग्राफीचे यंत्र साधारण वीस लाख ते दीड कोट हर्ट्‌झचा ध्वनी शरीरात सोडते. शरीराच्या मऊ भागात हा ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या अवयवावरून त्याचा प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा सुमारे ७,७०० वा भाग लागतो. तेवढ्या वेळावरून यंत्र अंतर मोजते आणि पडद्यावर चित्र काढते. ज्या स्फटिकांच्या गुणधर्मावर प्रोब चालतो तो गुणधर्म क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. वैद्यकात या तंत्राला मोठी चालना दिली ती ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी. कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधणारे यंत्र त्यांनी पाहिले आणि तेच पोटातल्या गाठींसाठी का नको असा विचार केला. १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख छापून आला. त्यात एक्स-रेसारखी किरणे नसल्यामुळे गर्भवतीसाठी हे तंत्र वरदान ठरले.

दुसरी गोष्ट अशी की ही हाताची विद्या आहे. एक्स-रेचे चित्र एकदा निघाले की ते चार डॉक्टर पाहू शकतात. सोनोग्राफीत मात्र प्रोब धरणाऱ्याने जे पाहिले तेवढेच सापडते. प्रोब थोडा तिरका झाला, दाब कमी पडला, योग्य वारंवारता निवडली नाही तर पित्ताशयातला खडा सुटून जातो. जास्त वारंवारतेने चित्र बारीक दिसते पण खोल जात नाही. कमी वारंवारतेने खोल जाते पण चित्र ढोबळ येते. थायरॉइडला एक, यकृताला दुसरी. हे सारे सहा महिन्यांत, तेही यंत्राला हात न लावता, कोण शिकवणार?

तिसरी गोष्ट परदेशातल्या त्या फोटोची. पत्रकात ते खोटे नव्हते, अर्धे खरे होते. अमेरिकेत डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर हा खरोखरच वेगळा, मानाचा व्यवसाय आहे. १९७५ पासून तिथे सोनोग्राफरांची परीक्षा घेऊन नोंदणी करणारी संस्था आहे. पण आपल्या माजी विद्यार्थिनीने सांगितले त्यावरून वाट कशी आहे पाहा. आधी शरीररचना, भौतिकशास्त्र, गणित यांचे कॉलेजचे विषय. मग मान्यताप्राप्त कॉलेजात दोन वर्षांचा किंवा चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात दवाखान्यात प्रत्यक्ष पेशंटवर शेकडो तास काम. शेवटी दोन परीक्षा. एक ध्वनीच्या भौतिकशास्त्राची आणि यंत्राची, दुसरी आपल्या निवडलेल्या शाखेची, म्हणजे पोट, हृदय, रक्तवाहिन्या किंवा प्रसूती. एवढे करूनही सोनोग्राफर पेशंटला आजार सांगत नाही. ती चित्रे घेते, मापे लिहिते आणि निदान डॉक्टर करतात. "बाई, पडद्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके दिसत नसतात, आई माझ्या तोंडाकडे बघत असते आणि मला चेहरा सरळ ठेवावा लागतो. हे कुठल्या पुस्तकात नाही," असे ती म्हणाली. दिवसभर हात उचलून धरल्यामुळे तिचा खांदा कायम दुखतो. या व्यवसायात खांदा आणि मनगट दुखणे फार नेहमीचे आहे, हेही तिनेच सांगितले.

इंग्लंडमध्ये तर बहुतेक जण आधी रेडिओग्राफरची पदवी घेतात आणि त्यावर सोनोग्राफीचे पदव्युत्तर शिक्षण करतात. म्हणजे परदेशातला फोटो आपल्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला चिकटवता येत नाही. तिथली परीक्षा द्यायची तर प्रत्यक्ष तपासणी केल्याचा अनुभव मागतात. आणि इथे तर टेक्निशियनच्या हातात प्रोबच देत नाहीत.

का देत नाहीत? इथे मला थोडे कडू बोलावे लागणार आहे.

इंदूरमध्ये कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात जा, दारातच पाटी दिसते की येथे गर्भाचे लिंग सांगितले जात नाही, तो गुन्हा आहे. आपली मुले ही पाटी इतक्या वेळा पाहतात की तिचा अर्थ विचारत नाहीत. मी अकरावीच्या वर्गात विचारले तेव्हा दोन मुली सोडून कोणालाही सांगता आले नाही. जे यंत्र आईला आणि बाळाला वाचवण्यासाठी आले, त्याचा उपयोग आपण पोटातल्या मुली शोधून काढण्यासाठी केला. शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९६१ च्या जनगणनेत ९७६ होती. १९९१ मध्ये ती ९४५ झाली आणि २००१ मध्ये ९२७. २०११ मध्ये तर ९२० च्याही खाली गेली. अडाणी लोक असे करतात असे म्हणून आपण हात झटकू शकत नाही. ज्या महाराष्ट्राचे नाव आपण अभिमानाने घेतो तिथे हाच आकडा १९९१ मध्ये ९४६ होता आणि २००१ मध्ये ९१३ झाला. आणि गंमत, खरे तर दुःख, म्हणजे गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला होता, १९८८ मध्ये.

केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून लागू झाला. तो नीट पाळला जात नाही म्हणून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत मुंबईची 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या दोन संस्था होत्या. त्यानंतर २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. ज्या यंत्राने गर्भाचे लिंग कळू शकते असे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते, फिरते यंत्रसुद्धा. ते चालवणारा नियमाप्रमाणे पात्र डॉक्टरच असावा लागतो : रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा ठरलेले प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस. शब्दाने, खुणेने, कोणत्याही प्रकारे लिंग सांगणे गुन्हा आहे आणि तो फक्त डॉक्टरांना नाही, तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. प्रत्येक गर्भवतीचा फॉर्म एफ भरावा लागतो, आणि तो अर्धवट भरणे ही किरकोळ कारकुनी चूक नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

आता त्या पत्रकातल्या 'सहा महिन्यां'चा उगम माझ्या लक्षात आला. २०१४ च्या नियमांत सहा महिन्यांचे सोनोग्राफी प्रशिक्षण आहे खरे, पण ते एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी आहे. बारावी झालेल्या मुलीसाठी नाही. कोणीतरी तेवढाच आकडा उचलला आणि विकायला काढला.

काही पालक म्हणतील, मग हा मुलांवर अन्यायच नाही का? परदेशात चालते, इथे का नाही? मीही आधी असेच म्हणत होते. पण विचार केल्यावर माझे मत बदलले. हे दार बंद आहे ते आमच्या मुलींना अडविण्यासाठी नाही. ते आमच्या न जन्मलेल्या मुलींसाठी बंद आहे. ज्या घराने एकदा किल्ली दुरुपयोगात घातली त्या घराला ती लगेच परत मिळत नाही. अन्याय दाराने केलेला नाही. दार बंद आहे हे लपवून त्याची तिकिटे विकणाऱ्यांनी केला. आणि त्या तिकिटावर ज्या शाळेने शिक्का मारला ती माझी होती.

असे म्हणताना मी सरकारलाही सोडणार नाही. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात रेडिओलॉजी आणि इमेजिंगच्या व्यावसायिकांत डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर हे नाव छापलेले आहे. म्हणजे एका कायद्यात नाव आहे आणि दुसऱ्या कायद्याने यंत्राला हात लावायची परवानगी नाही. या दोन कागदांच्या मधल्या फटीतूनच अशी पत्रके बाहेर पडतात. लहान गावांत रेडिओलॉजिस्ट नसल्यामुळे किडनीच्या किंवा पित्ताशयाच्या साध्या तपासणीसाठी माणसांना दूर जावे लागते, हेही खरे आहे. गर्भाच्या तपासणीला मुळीच हात न लावता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पदवीधर सोनोग्राफरांना यकृत, किडनी, थायरॉइड यांची तपासणी करू द्यावी का, हा विचार व्हायला हवा असे मला वाटते. आमच्या एका डॉक्टर पालकांना हे पटले नाही. ते म्हणाले, "बाई, यंत्र तेच असते. सकाळी किडनी बघेल, संध्याकाळी दार लावून काय बघेल ते कोण पाहणार?" त्यांच्या म्हणण्यातही वजन आहे. निर्णय काहीही होवो, पण तो स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा. सतरा वर्षांच्या मुलीने दोन कायदे ताडून पाहावेत अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

मग ज्याला या क्षेत्राची खरी आवड आहे त्याने काय करावे? निराश होण्याचे कारण नाही. रेडिओलॉजी आणि इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदवी हा खरा आणि सन्मानाचा रस्ता आहे. त्यात शरीररचना, किरणांचे भौतिकशास्त्र, एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय, मॅमोग्राफी हे सारे शिकवतात आणि ते काम पदवीनंतर प्रत्यक्ष स्वतःच्या हाताने करायला मिळते. सोनोग्राफीची तत्त्वेही त्यात असतात. उद्या नियम बदलले तर पाया तयार राहील, नाही बदलले तरी हातातले काम जाणार नाही. आणि ज्याला प्रोबच धरायचा आहे त्याने एमबीबीएसचा लांबचा रस्ता आहे हे समजून घ्यावे. लांब रस्ता दाखविणे वाईट नाही. आखूड रस्ता आहे असे खोटे सांगणे वाईट.

कोणत्याही कोर्सची फी भरण्याआधी पालकांनी चार प्रश्न लेखी विचारावेत, ही माझी हात जोडून विनंती आहे.

पहिला, हा अभ्यासक्रम किती तासांचा आहे? २०२१ च्या कायद्यात सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तास आणि दोन ते चार वर्षांचा काळ सांगितला आहे. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तास. सहा महिन्यांत २,००० तास कसे बसतात याचा हिशेब मुलांनाच करायला लावा.

दुसरा, पदवी कोणते विद्यापीठ देते आणि व्यावसायिक म्हणून नोंदणी कुठल्या परिषदेत होईल? 'आयएसओ प्रमाणित' हे उत्तर नव्हे.

तिसरा, प्रत्यक्ष शिक्षण कुठल्या दवाखान्यात होईल आणि तिथे मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या हाताने नक्की काय करेल? शक्य असेल तर एकदा जाऊन स्वतः बघून या.

चौथा, मागच्या वर्षीच्या पाच मुलांचे फोन नंबर द्या. जो देणार नाही तिथून उठून यावे.

शाळेपुरते मी एवढे ठरविले आहे. यापुढे बाहेरचे कुठलेही पत्रक या चार प्रश्नांची लेखी उत्तरे आल्याशिवाय फलकावर लागणार नाही आणि शाळेचा शिक्का तर कोणत्याच पत्रकावर बसणार नाही. दर वर्षी डिसेंबरात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक तास ठेवणार आहोत. त्यात आरोग्य क्षेत्रात काम करणारे आपले माजी विद्यार्थी येऊन सांगतील की सकाळी कामावर गेल्यापासून ते दिवसभर काय काय करतात. आणि त्या तासात दारावरच्या त्या पाटीचा अर्थही सांगितला जाईल, मुलींना आणि मुलांनाही. मुलांना जास्त.

ती मुलगी आता इमेजिंग टेक्नॉलॉजीच्या पदवीच्या प्रवेशाची तयारी करते आहे. वर्ष गेले, पैसे गेले. ते मी परत देऊ शकत नाही. तिच्या वडिलांना भेटून मी माफी मागितली. ते मला पाणी देत म्हणाले, "मोठ्या बाई, तुम्ही मुद्दाम थोडेच केले." मोठेपणा त्यांचा. पण शाळेचा शिक्का मुद्दाम लागो की नकळत, तो वाचून माणूस पुढे विचारायचे थांबतो. म्हणून तो शिक्का आता माझ्या कपाटात कुलपात आहे.

निकाल लागलेल्या सर्व मुलांना आशीर्वाद. पेढे घेऊन या, प्रश्नही घेऊन या.

आपली,
मुख्याध्यापिका